संथ कॉम्प्युटरमध्ये कोण कोणाची वाट बघतंय?

4 जीबी रॅम, 1 टीबीची फिरती हार्ड डिस्क आणि त्यावर विंडोज 10. सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेले असे लॅपटॉप आजही कितीतरी घरांत, दुकानांत आणि शाळांच्या ऑफिसांत रोज कामाला आहेत. त्यांच्याबद्दलची तक्रारही सगळीकडे सारखीच. ब्राउझर उघडायला मिनिटभर लागतं, एक्सेलची फाइल सेव्ह करायला गेलं की खिडकी पांढरी पडते आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' असं येतं. मग कुणी म्हणतं व्हायरस आहे, कुणी म्हणतं फॉरमॅट मारून घ्या, कुणी एखादं 'क्लीनर' टाकून देतं. ते क्लीनर स्वतःच मशीन सुरू होताना चालू होऊन बसतं आणि आधीच दमलेलं मशीन आणखी जड होतं.

यातलं काहीही करण्याआधी थोडा वेळ शांतपणे मशीनकडे बघितलं, तर दुखणं बहुतेक वेळा सापडतं. त्यासाठीची साधनं विंडोजमध्ये आधीपासून आहेत: टास्क मॅनेजर, रिसोर्स मॉनिटर, परफॉर्मन्स मॉनिटर, रिलायबिलिटी मॉनिटर आणि इव्हेंट व्ह्यूअर. काही विकत घ्यायला नको, काही डाउनलोड करायला नको. टास्क मॅनेजर तर 1996 च्या विंडोज एनटी 4.0 पासून आहे. मायक्रोसॉफ्टमधल्या डेव्ह प्लमर या प्रोग्रामरने तो लिहिला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की तो उघडतो. बाकीची साधनं स्टार्ट मेनूत नाव टाइप केलं की सापडतात. रिलायबिलिटी मॉनिटर मात्र तिथे 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' या नावाने आहे.

टक्के वेगळे, रांग वेगळी

टास्क मॅनेजर उघडायचा, गडद रंगाचा रकाना बघायचा आणि सगळ्यात वर दिसणाऱ्या प्रोग्रामवर 'एंड टास्क' मारायचं, ही सवय खूप जणांना आहे. यात पहिली गोष्ट मनातून काढायला हवी ती म्हणजे जास्त टक्के म्हणजे आजार. एखादा व्हिडिओ एडिट करून फाइल तयार होत असताना प्रोसेसर 100 टक्क्यांवर असेल, तर ते चांगलंच आहे. ज्यासाठी पैसे मोजले ते यंत्र पूर्ण कामाला लागलंय.

मशीन संथ वाटतं ते काम अडून राहतं म्हणून. रेशनच्या दुकानात धान्य मापणारा माणूस सतत कामात असेल पण बाहेर रांग नसेल, तर कुणाची तक्रार नसते. उलट तो हातावर हात ठेवून उभा आहे, कारण अंगठा घेणारं मशीन सर्व्हरला जोडलंच जात नाहीये. तेव्हा रांग रस्त्यापर्यंत जाते. मापणाऱ्याकडे बघून दुकान का अडलंय ते कळणार नाही. कॉम्प्युटरमध्येही नेमकं हेच बघायचं असतं: कोण कोणासाठी थांबलंय.

ब्रेंडन ग्रेग या परफॉर्मन्स इंजिनिअरने यासाठी एक शिस्त मांडली, तिला 'यूएसई' (युटिलायझेशन, सॅच्युरेशन, एरर्स) पद्धत म्हणतात. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क अशा प्रत्येक भागाला तीन प्रश्न विचारायचे. किती वेळ कामात आहे? त्याच्यापुढे काम साचलंय का? त्याच्याकडून चुका होतायत का? टास्क मॅनेजरचं पहिलं पान फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नासाठी आणखी आत जावं लागतं, आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात.

'डिस्क 100%' या आकड्याच्या मागे

सुरुवातीच्या त्या लॅपटॉपकडे परत येऊ, कारण सगळ्यात जास्त दिशाभूल तिथेच होते. मशीन अडकलंय, टास्क मॅनेजर उघडला, डिस्कच्या रकान्यात 100 टक्के. पण त्याच रकान्याखाली प्रत्येक प्रोग्रामसमोरचे आकडे बघितले तर कुठे 0.3 एमबी, कुठे 0.1 एमबी. सगळे मिळून सेकंदाला 1 एमबीसुद्धा होत नाही. हीच डिस्क मोठी फाइल कॉपी करताना सेकंदाला 80-100 एमबी देते. मग एवढ्याशा कामात ती पूर्ण व्यस्त कशी?

उत्तर डिस्कच्या बनावटीत आहे. लॅपटॉपमधली फिरती डिस्क बहुधा मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 90. एका फेऱ्याला साधारण 11 मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावं लागतं. त्याआधी ते टोक योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद जातात. म्हणजे इकडून तिकडून विखुरलेले तुकडे वाचायचे असतील, तर सेकंदाला साठेक तुकडेच हाती लागतात. प्रत्येक तुकडा 4 केबीचा धरला तर झाले जेमतेम 240 केबी. डिस्क सेकंदभर अखंड राबली, शंभर टक्के व्यस्त दिसली, आणि दिलं पाव एमबी. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क; तिच्यात फिरणारं, सरकणारं काहीच नसतं. त्यामुळे हेच विखुरलेलं वाचन ती सेकंदाला हजारो वेळा करते.

म्हणून डिस्कच्या बाबतीत टक्क्यांपेक्षा महत्त्वाचा आकडा दुसराच आहे. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर डिस्कवर क्लिक केलं की खाली 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' दिसतो. डिस्ककडे काही मागितल्यापासून ते मिळेपर्यंत सरासरी किती वेळ गेला, हे तो सांगतो. चांगल्या एसएसडीवर तो बहुतेक वेळ 1 मिलिसेकंदाच्या आसपास असतो. फिरत्या डिस्कवर 10 ते 20 असला तरी ठीक. पण 200, 500, कधी 1000 च्या पुढे दिसू लागला, तर डिस्कपुढे भली मोठी रांग लागली आहे, आणि तुमचं एक्सेल त्या रांगेत उभं आहे.

आता खरा प्रश्न: ही रांग कोणी लावली? इथे टास्क मॅनेजर सोडून रिसोर्स मॉनिटर उघडायचा. त्याच्या 'डिस्क' पानावर प्रोग्रामसोबत फाइलचं नावही दिसतं. कोणती फाइल वाचली जातेय, कोणती लिहिली जातेय आणि प्रत्येकीला किती वेळ लागतोय, सगळं एका ओळीत. 'रिस्पॉन्स टाइम'च्या शीर्षकावर क्लिक केलं की सर्वात रखडलेली फाइल वर येते. खालच्या भागात 'डिस्क क्यू लेंग्थ' असतं, म्हणजे रांगेत किती मागण्या उभ्या आहेत ते.

4 जीबीच्या मशीनवर ही यादी बघितली, तर वारंवार वर येणारं नाव असतं पेजफाइलचं. हाच या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा धागा आहे. रॅम अपुरी पडली की विंडोज रॅममधला सध्या न लागणारा मजकूर डिस्कवरच्या या फाइलमध्ये नेऊन ठेवतं आणि लागला की परत आणतं. ब्राउझरमध्ये दहा टॅब, शेजारी व्हॉट्सॲप, मागे एक्सेल; प्रत्येक वेळी एकातून दुसऱ्यात गेलात की आधीचं डिस्कवर, नवीन रॅममध्ये. आणि हे सगळं वाचन विखुरलेलं असतं, म्हणजे फिरत्या डिस्कला जे सगळ्यात जड जातं नेमकं तेच.

याची खात्री रिसोर्स मॉनिटरच्या 'मेमरी' पानावर होते. तिथे 'हार्ड फॉल्ट्स' नावाचा रकाना आहे. नाव घाबरवणारं असलं तरी तो बिघाड नाही. प्रोग्रामला हवं ते रॅममध्ये सापडलं नाही आणि डिस्कवरून आणावं लागलं, असं सेकंदाला किती वेळा झालं याची ती मोजणी आहे. नवीन प्रोग्राम उघडताना हा आकडा क्षणभर उसळतो, ते स्वाभाविक आहे. पण प्रोग्राम उघडून पाच मिनिटं झाली तरी तो शंभराच्या पुढेच राहत असेल आणि त्याच वेळी डिस्कचा रिस्पॉन्स टाइम वर असेल, तर डिस्कवर दिसणारा ताप मेमरीचा आहे. डिस्क बिचारी दुसऱ्याचं काम उपसतेय.

म्हणूनच फॉरमॅट मारून हे सुटत नाही. नव्या कोऱ्या विंडोजवर प्रोग्राम कमी असतात म्हणून थोडे दिवस बरं वाटतं. रॅम तेवढीच राहते. इथे उपाय दोन, आणि शक्य असेल तर दोन्ही: रॅम वाढवणं आणि फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवणं. रॅम घेण्याआधी टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर 'स्लॉट्स यूज्ड' बघा. '1 ऑफ 2' असेल तर एक जागा मोकळी असण्याची शक्यता आहे. दुकानात जाण्याआधी तिथला वेगही टिपून घ्या. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, तेव्हा मॉडेल नंबरवरून खात्री करूनच पैसे द्या.

मेमरीचे फसवे आकडे

'फ्री' मेमरी जवळपास शून्य दिसली की लोक घाबरतात आणि रॅम 'मोकळी करणारी' ॲप शोधतात. कृपया हे करू नका. विंडोज मोकळी रॅम मुद्दाम वापरतं. नुकत्याच वाचलेल्या फाइल तिथे ठेवून देतं, म्हणजे पुन्हा लागल्या तर डिस्कवर जावं लागत नाही. याला 'स्टँडबाय' म्हणतात आणि कुणाला जागा हवी झाली की ती लगेच दिली जाते. बघायचा आकडा 'अव्हेलेबल'चा. त्यात स्टँडबाय आणि फ्री दोन्ही धरलेलं असतं. रॅम मोकळी करणारी ॲप हाच उपयोगी साठा उधळून टाकतात, आणि पुढच्या क्षणी सगळं पुन्हा डिस्कवरून आणावं लागतं.

दुसरा आकडा 'कमिटेड', दोन भागांत लिहिलेला, उदाहरणार्थ 7.1/8.4 जीबी. पहिला भाग म्हणजे सगळ्या प्रोग्रामना विंडोजने कबूल केलेली मेमरी, दुसरा म्हणजे रॅम आणि पेजफाइल मिळून असलेली मर्यादा. पहिला दुसऱ्याला टेकू लागला की प्रोग्रामना मेमरी नाकारली जाते आणि ते न सांगता बंद पडू लागतात. सकाळी मशीन छान चालतं आणि संध्याकाळपर्यंत जड होतं, असं असेल तर 'डिटेल्स' पानावर 'कमिट साइझ' हा रकाना जोडा आणि सकाळी व संध्याकाळी बघा. एकाच प्रोग्रामचा आकडा दिवसभर फक्त चढत असेल, तर तो घेतलेली मेमरी परत देत नाहीये.

अशा मशीनबाबत एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं, त्यामुळे बहुतेक मशीनवर 'शट डाउन' केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर जपून ठेवला जातो. रोज रात्री बंद होणाऱ्या कॉम्प्युटरवर टास्क मॅनेजरचा 'अप टाइम' वीस दिवस दिसतो तो यामुळे. खरी नवी सुरुवात हवी असेल तर 'रीस्टार्ट' करा.

प्रोसेसर 13 टक्के, तरीही मशीन गुदमरलेलं

प्रोसेसरच्या बाबतीत कमी टक्के फसवतात. प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम उचलणारे भाग, विंडोज ज्यांना 'लॉजिकल प्रोसेसर' म्हणतं ते, तुमच्या मशीनमध्ये 8 असतील, तर 100 टक्के म्हणजे आठही पूर्ण कामात. एखादा जुना अकाउंटिंग प्रोग्राम किंवा एक्सेलमधला मॅक्रो एका वेळी एकच वापरू शकतो. तो जिवाच्या आकांताने धावत असला तरी एकूण आकडा 12-13 टक्केच दिसेल. प्रोसेसरच्या आलेखावर राइट क्लिक करून 'चेंज ग्राफ टू' मधून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडा. आठ चौकोन दिसतील. त्यातला एक माथ्याला टेकलेला आणि बाकीचे निवांत दिसले, तर कोडं सुटलं. (काम कधी या चौकोनातून त्या चौकोनात उड्या मारतं, तेव्हा आकड्याकडेही लक्ष ठेवा: 8 असताना 12.5, 4 असताना 25 टक्क्यांवर अडून राहणं ही खूण आहे.) अशा कामाला जास्त कोअरचा (आत काम करणारे भाग जास्त असलेला) प्रोसेसर घेऊन फायदा नाही; एकेक कोअर वेगवान हवा.

त्याच पानावर 'स्पीड' आणि 'बेस स्पीड' हे दोन आकडे शेजारी असतात. मशीनवर जड काम चालू असताना स्पीड हा बेस स्पीडच्या बराच खाली, समजा 2.4 गिगाहर्ट्झच्या मशीनवर 0.8 वर अडकला असेल, तर प्रोसेसरला कोणीतरी आवळून धरलंय. बहुतेक वेळा ते उष्णतेमुळे होतं. पंख्यात धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट, आणि नागपूर-चंद्रपूरकडचा मे महिना. गादीवर ठेवलेला लॅपटॉप तर खालून हवाच घेऊ शकत नाही. कधी कारण कमजोर चार्जर किंवा बॅटरी वाचवणारं सेटिंग असतं. टास्क मॅनेजर प्रोसेसरचं तापमान दाखवत नाही, म्हणून वेगावरूनच ओळखावं लागतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-प्रोसेसर-पॉवर' या नावाखाली 37 क्रमांकाची नोंद असेल, तर फर्मवेअरनेच (हार्डवेअरमध्येच बसवलेल्या प्रोग्रामने) वेग मर्यादित केल्याचं विंडोजने लिहून ठेवलेलं असतं.

यादीत 'सिस्टिम इंटरप्ट्स' अशी ओळ दिसते. तो प्रोग्राम नाही, त्यामुळे बंदही करता येत नाही. हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेल्या हाका हाताळण्यात गेलेला वेळ तिथे दाखवतात. हा आकडा सहसा 1 टक्क्याच्या आसपास असतो. सतत 10-20 टक्के दिसत असेल तर संशय ड्रायव्हरवर (हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर) किंवा जोडलेल्या एखाद्या यूएसबी उपकरणावर घ्यावा. एकेक उपकरण काढून बघितलं की कळतं.

'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' आणि 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' ही नावं मात्र ओळखीची करून घ्या. पहिलं विंडोजचं स्वतःचं अँटीव्हायरस, दुसरं अपडेट बसवणारं. महिनाभर बंद असलेला लॅपटॉप सुरू केला की दोघंही एकदम कामाला लागतात. चार्जर लावून तासभर तसाच राहू द्या.

सगळं रिकामं, तरी अडलेलं

प्रोसेसर 3 टक्के, डिस्क 1 टक्का, मेमरी भरपूर, आणि वर्डची खिडकी मात्र गोठलेली. इथे टक्केवारीवर विसंबणाऱ्याला काहीच सापडत नाही. 'डिटेल्स' पानावर त्या प्रोग्रामवर राइट क्लिक करून 'ॲनालाइझ वेट चेन' निवडा. हा प्रोग्राम दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामसाठी थांबला आहे, याची साखळी तिथे दिसते. ऑफिसांत याचं एक नेहमीचं कारण असतं बंद पडलेला नेटवर्क प्रिंटर, नाहीतर आता अस्तित्वात नसलेल्या सर्व्हरवरचा जोडून ठेवलेला ड्राइव्ह. प्रोग्राम त्याला हाक मारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबून राहतो. नेटवर्कचा संशय असेल तर रिसोर्स मॉनिटरच्या 'नेटवर्क' पानावर प्रत्येक जोडणीसमोर 'पॅकेट लॉस' (वाटेत हरवलेली माहिती) आणि 'लेटन्सी' (उत्तर यायला लागणारा वेळ) दिसतात. पहिला आकडा शून्याच्या वर रेंगाळत असेल तर आधी वायफाय आणि केबल तपासा.

हा 'थांबणं मोजा' विचार फक्त विंडोजपुरता नाही. ॲपलने मॅकसाठीच्या 2013 च्या मॅव्हेरिक्स या आवृत्तीत, तिथल्या टास्क मॅनेजरसारख्या ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये 'मेमरी प्रेशर'चा हिरवा-पिवळा-लाल आलेख आणला, त्यामागे हीच जाणीव आहे. लिनक्समध्ये 2018 च्या अखेरीस आलेल्या 4.20 कर्नलपासून (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) 'प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन' मिळते. प्रोसेसर, मेमरी किंवा डिस्कसाठी कामं किती टक्के वेळ अडून राहिली, हे ती थेट सांगते. विंडोजमध्येही असा एक सरळ आकडा समोर असता तर किती लोकांचे फॉरमॅटचे पैसे वाचले असते, असं मला नेहमी वाटतं.

मधूनच होणारा त्रास

बघायला बसलं की मशीन शहाण्यासारखं चालतं, हा अनुभव दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाला आहे. त्यासाठी परफॉर्मन्स मॉनिटर. त्यात 'डेटा कलेक्टर सेट' बनवून मोजके आकडे पंधरा-पंधरा सेकंदांनी दिवसभर नोंदवता येतात. चार पुरेत: उपलब्ध मेमरी, डिस्कच्या एका वाचनाला लागणारा सरासरी वेळ, प्रोसेसरपुढची रांग आणि प्रोसेसरचा वापर. संध्याकाळी आलेख उघडला की दुपारी साडेतीनला नेमकं काय झालं ते दिसतं. मशीन सुरू व्हायलाच वेळ लागत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स' ही नोंदवही शोधा. तिथली 100 क्रमांकाची नोंद प्रत्येक सुरुवातीला किती मिलिसेकंद लागले ते सांगते. 'पूर्वी लवकर सुरू व्हायचं' हे खरं की भास, ते तिथे तारखेनिशी कळतं. आणि रिलायबिलिटी मॉनिटर दिवसागणिक कोणता प्रोग्राम पडला, कोणतं अपडेट बसलं हे दाखवून मशीनला 1 ते 10 मध्ये गुण देतो. घसरण कोणत्या तारखेपासून सुरू झाली हे बघून त्याच दिवशी काय नवीन बसवलं ते तपासायचं.

आता तिसरा प्रश्न, चुकांचा. हा सगळ्यात कमी विचारला जातो आणि सगळ्यात महाग पडतो. डिस्कवर फारसं काम नाही, हार्ड फॉल्ट्स नाहीत, तरी रिस्पॉन्स टाइम हजारांत जातो आणि मशीन काही सेकंद पूर्ण थिजतं, असं दिसलं तर इव्हेंट व्ह्यूअरच्या 'सिस्टिम' नोंदवहीत 'डिस्क' नावाने आलेल्या नोंदी बघा. क्रमांक 7 म्हणजे खराब ब्लॉक सापडला, 153 म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करून बघावं लागलं. डिस्क तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतेय, म्हणून सगळे थांबलेत. कधी दोष नुसत्या सैल केबलचा असतो. पण 7 क्रमांकाच्या नोंदी वाढत असतील तर आधी फोटो, हिशेब आणि मुलांची कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या, आणि त्यानंतरच डिस्कमधल्या चुका शोधून दुरुस्त करणारी विंडोजची तपासणी चालवा. ती तपासणी डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचते, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढा ताण सोसेलच असं नाही.